‘समाचार घेणे’ : विचारपूस की खरडपट्टी?

प्रश्न (सोलापूर) : आमच्या मंडळीत गेल्या रविवारच्या उपासनेत बायबलमधील याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे २७वे वचन वाचले गेले. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात ‘समाचार घेणे’ हे शुद्ध धर्माचरण होय, असे त्यात म्हटले आहे. ते ऐकून संडे स्कूलची मुले हसू लागली, कारण त्यांच्या लेखी समाचार घेतला जातो तो गृहपाठ न केलेल्याचा. येथे हा शब्द चुकला आहे काय? नाताळातील सेवाकार्याच्या पत्रकावर आम्ही सध्या ‘गरजूंना मदत’ असे लिहितो, त्याऐवजी दुसरे काही सुचवावे.

उत्तर : शब्द चुकलेला नाही, आपण त्याचा एक अर्थ विसरत चाललो आहोत. समाचार म्हणजे खबर, आणि समाचार घेणे म्हणजे जाऊन खबर घेणे, विचारपूस करणे. खरडपट्टीचा अर्थ त्यातूनच उपरोधाने आला असावा, जसे आपण ‘चांगली पूजा बांधली’ असे म्हणतो. सोलापूरकडील खेड्यांत कोणी अंथरुणाला खिळले की माणसे आजही ‘समाचाराला’ जातात, आणि तेथे कोणी कोणाला रागावत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातही हाच शब्द आहे. मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचारास आलात, असे तेथे न्यायाला बसलेला राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो. या दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिस्केप्तोमाइ’ हे एकच क्रियापद आहे, ज्यात पाहणे, जातीने जाऊन पाहणे हा अर्थ आहे. (‘बिशप’ हा शब्द ज्या ‘एपिस्कोपोस’वरून आला, तोही याच कुळातला, पद मोठे, पण मूळ काम लक्ष ठेवण्याचे.) ‘मदत’ मनीऑर्डरनेही पाठवता येते, समाचाराला मात्र उठून जावे लागते. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या, त्या कामाला ‘मदत’ हा शब्द मला तोकडा वाटतो.

आता पत्रकाविषयी. येथे विभक्तीकडे पाहावे. आपण दया करतो ती गरिबावर, उपकार करतो तेही त्याच्यावर, मदत करतो ती गरिबाला. सेवा मात्र गरिबाची करतो. ‘वर’ म्हटले की देणारा आपोआप उंचावर जातो. सेवा देवाची, गुरूची, आईवडिलांची करायची अशी आपली जुनी रीत असल्याने ‘गरजूंची सेवा’ म्हणताक्षणी गरजू माणूस त्या मानाच्या जागी बसतो, आणि मत्तयाच्या त्या अध्यायात राजा उपाशी, उघड्या, तुरुंगातल्या माणसाशी स्वतःला एकरूप करतो तेव्हा तो तेच सांगत असतो. म्हणून माझी पसंती ‘सेवा’ या शब्दाला आहे.

दुसरे उत्तर : ‘सेवा’ हा शब्द आता ग्राहकसेवेने आणि सेवाशुल्काने पार झिजला आहे, एवढी हरकत मी नोंदवतो. गेल्या डिसेंबरात आम्ही सोलापूर रेल्वे स्थानकाबाहेर चादरी देत होतो. पत्रकावर ‘चादरवाटप’ असे छापलेले असल्यामुळे आम्हीही वाटपच करीत होतो, म्हणजे टेबल, रांग आणि यादीवर खूण. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चादर घेतली, पण ते हलेनात. त्यांच्या पायाची पट्टी सुटली होती. आमच्यातील एक वयस्क बाई खाली बसल्या आणि पट्टी बांधू लागल्या, आणि ते गृहस्थ गिरणीतल्या दिवसांविषयी बोलत राहिले. रांग खोळंबली, म्हणून मी जरा चिडलो होतो हे कबूल करतो. नंतर कोशात पाहिले, तर ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपावरून आलेला, म्हणजे मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पत्रकावर ‘गरजूंची सेवा’ घेतो. ‘वाटप’ हा शब्द काढला आहे; टेबल ठेवायचे की नाही, हे बैठकीत ठरेल.