पाच आणि सात वर्षांची मुलं, घरीच शिकवतेय. पावसाळ्यात काय करता?

परसदार:
नमस्कार. एप्रिलमध्ये ठाण्याहून गुहागर तालुक्यात सासरच्या घरी राहायला आलो. मुलगी सात वर्षांची, मुलगा पाचचा. निदान दोन वर्षं दोघांना घरीच शिकवायचं ठरवलंय. मे महिना छान गेला. रातांबे फोडले, काजूबियांचे शंभर-शंभरचे ढीग मोजले, रात्री काजवे बघत पडवीत बसलो. आता रोहिणी लागलं. सासरे धूळवाफेला (पावसाआधीच्या कोरड्या पेरणीला) निघालेत आणि मला धास्ती वाटतेय की पुढचे चार महिने ही दोघं घरात कोंडली जाणार.

ऋतूंप्रमाणे तक्ता करायला घेतलाय: जूनमध्ये पाऊस, जुलैत शेती, ऑगस्टमध्ये समुद्र. पण खाने भरायला बसले की काही सुचत नाही. किनाऱ्याला राहून ज्यांनी हे केलंय त्यांनी कसं केलं? शिवाय सासूबाई रोज विचारतात, "पुढे शाळेत घेतील ना पोरांना?" त्याचंही उत्तर कुणाला माहीत असेल तर सांगा.

पऱ्याकाठ:
ताई, मी हर्णैजवळ राहते. मोठा दहाचा, धाकटी सातची, चार वर्षं दोघं घरीच शिकतायत. पहिल्या वर्षी मीही बारा महिन्यांचा तक्ता केला होता. त्यात जुलैच्या खान्यात 'बेडूक' लिहिलं होतं. बेडूक आले जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री. पिवळेधमक नर रात्रभर शेतात ओरडत होते, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मातकट होऊन गप्प झाले. जुलैत मी मुलांना घेऊन गेले तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी विषय निवडणं सोडलं आणि जागा निवडली. घरामागे पऱ्या, म्हणजे ओढा आहे. त्यातला एकच कोंड (डोह), बैलगाडी उभी राहील एवढा. दर रविवारी तिथेच जायचं, पाऊस असो नसो. लोंढा असेल तेव्हा वरच्या बांधावरून बघायचं, खाली उतरायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पक्का. मुलाच्या बाबांनी कोयत्याने एका काठीला वीत-वीत अंतरावर खाचा पाडून दिल्या. ती काठी घेऊन पाणी मोजायचं आणि वहीत तारीख, नक्षत्र आणि खाचा लिहायच्या. बास.

एवढ्याशा कोंडात काय काय झालं ते सांगते. मृगात पहिलं पाणी आलं ते चहासारखं तांबडं, वर फेस आणि पाचोळा. पाठोपाठ वळगणीचे मासे चढले. सगळी वाडी कंदील-बॅटरी घेऊन बाहेर, आणि मोठ्या मुलाने विचारलं, "मासे डोंगराकडे का चाललेत?" अंडी घालायला उथळ, निवांत पाणी हवं म्हणून भातखाचरात शिरतात, हे आजोबांनी सांगितलं. आम्ही त्या वर्षी एकही मासा धरला नाही, तो मुलाचाच निर्णय. श्रावणात पाणी निवळलं, तळाचे गोटे दिसायला लागले. दिवाळीला पाच खाचा, संक्रांतीला दोन. होळीच्या सुमारास कोंड कोरडा ठणठणीत. धाकटीला रडू आलं, खेकडे मेले म्हणाली. आम्ही काठाच्या ओल्या मातीत बोटभर रुंदीचं बीळ शोधलं आणि शेजारून हळूहळू उकरत गेलो. हातभर खाली गेल्यावर चिखलात पाय दुमडून बसलेला खेकडा सापडला, जिवंत. तिने त्याच्यावर ओंजळभर पाणी घातलं आणि स्वतःच्या हाताने बीळ झाकलं. पुढच्या जूनमध्ये पऱ्याला पाणी आलं त्या सकाळी दात घासायच्या आधी ती तिकडे धावली होती.

मुलांना ऋतू कळतो तो असा, तीच जागा बदलताना बघून. आज सडा (कातळाचं पठार), उद्या खाडी, परवा जंगल असं फिरवलं तर सहल होते, मुलांच्या मनात काही साठत नाही. तुमच्या परसात विहीर, शेताचा बांध, फणसाचं एखादं झाड असेलच. त्यातलं एक धरा.

आता दुसरं, आणि हे मी कळवळून सांगते. निसर्गातून सगळं आपोआप येतं यावर विसंबू नका. मोठा सात वर्षांचा होता तेव्हा त्याला पंधरा पक्षी आवाजावरून ओळखता यायचे. एकदा दापोलीच्या स्टॉपवर एसटी आली आणि मी म्हटलं, पाटी वाच. त्याला वाचता आली नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. चूक माझी होती, मी रोज वाचायला बसवलंच नव्हतं. तेव्हापासून सकाळी चाळीस मिनिटं वाचन-लेखन, त्यात खंड नाही. मग बाहेर. चार महिन्यांत तो पाट्या वाचायला लागला.

पावसाचं म्हणाल तर पावसाळा हाच तुमचा सगळ्यात भरगच्च काळ. टाकळा, फोडशी, भारंगी मुलांकडून खुडून घ्या आणि त्यांच्याच हातून निवडून घ्या. प्रत्येक भाजी आधी सासूबाईंना दाखवायची, त्यांनी हो म्हटलं की मगच कढईत. शेवळं मात्र काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय करू नका, घशाला खाज सुटते. लावणीला मुलांना तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी पोचवायचं काम द्या. अंगणात सरळ कडेचा डबा उघड्यावर ठेवा, झाडाखाली नको, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी मोजा. हवामान खातंही साडेआठलाच नोंद घेतं. आपल्याकडे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बेरजा शिकवायला त्याहून चांगलं काय?

गुरुजी_राजापूर:
पऱ्याकाठ ताईंनी वाचनाबद्दल लिहिलं ते मनापासून पटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, म्हणून हक्काने लिहितो.

सासूबाईंना सांगा, घेतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरचं मूल शाळेत नसेल तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही मिळतं. आधार कार्ड, जन्मदाखला आणि मुलांच्या वह्या सांभाळून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा आणि राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा मार्गही आहे, राज्य मंडळ पाचवी-आठवीच्या परीक्षा घेतं.

गणितासाठी एक जुनी गोष्ट देतो. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढत. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. तिथी वाढली की भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तेच या गुणाकारात आलंय. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत, त्यातली पाऊणकी इथे कामाला येते. हा आडाखा मुंबईच्या बाजूला बरा जुळतो, आपल्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याला भरती त्याच्या आधी येते. किती आधी, ते मुलीला वाळूत काठी रोवून शोधू द्या. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग (लहान भरती) यातला फरकही तिला तिथेच दिसेल. उधाणाला मात्र पाण्यापासून लांब उभं राहायचं.

आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बंदरात ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी विणणारी माणसं हे सगळं तेव्हा निवांत बघता येतं. जाळ्याचा आस (डोळ्याचं माप) मोजायला सांगा.

सड्यावरची:
मी रत्नागिरीजवळ सड्यावर राहते, म्हणून फक्त जपण्याचं सांगते. आमच्याकडे फुरसं (विषारी साप) फार. दगड हाताने उलटायचा नाही, काठीने उलटायचा, आणि पलीकडची कड उचलून आतला जीव पलीकडे जाईल असा. मुलांना हे खेळासारखं शिकवलं की सवय होते. चावलंच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं एकच औषध असतं, ते तिथे मिळतं. चिखलात उतरण्याआधी पायाला जखम आहे का बघा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप तिथूनच येतो.

ऑगस्टअखेर सड्यावर या. 'दवबिंदू' म्हणून इवलीशी लाल वनस्पती येते, रुपयाएवढी, पानांवरच्या केसांना चिकट थेंब. माझी मुलगी भिंग घेऊन पालथी पडली होती तेव्हा एक चिलट त्या थेंबाला चिकटलं. दुसऱ्या दिवशी ते पान आत वळलेलं होतं. तिने न सांगता त्याची तीन चित्रं काढली.

परसदार:
सगळ्यांचे आभार. तक्ता ठेवून दिला. विहिरीच्या पायरीजवळची जागा मुलीने निवडली, मुलाला फणस हवा होता. शेवटी विहीर ठरली, कारण पाणी मोजता येतं. कठड्याबाहेरून दोरीला गाठी मारून मोजायचं, मी सोबत असतानाच.

काल रात्रभर पाऊस होता. आज साडेआठला डबा पाहिला तर ६८ मिलिमीटर. मुलीने आकडा लिहिला, मुलाने शेजारी ढग काढला. मग ती म्हणाली, "आई, हा रात्री जास्त पडला की पहाटे?" मला सांगता आलं नाही. आता डबा निजायच्या आधीही बघायचं ठरलंय.

गुरुजी, पाऊणकी पूर्ण लिहून द्याल का? सासऱ्यांना बारापर्यंतच आठवतेय.