महाविद्यालयात शिकवण्याचे प्रशिक्षण पीएच.डी. करतानाच कसे घ्यावे?

प्रश्न – पांझराकाठचा संशोधक

नमस्कार. मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करीत असून यंदापासून धुळे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्रथम वर्ष कला शाखेला शिकवतो. शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा बी.एड. करावे लागते, महाविद्यालयाच्या वर्गात मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा एवढ्या शिदोरीवर थेट उभे राहता येते. सेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न असतात आणि अध्यापन अभियोग्यता हा त्याच्या दहा घटकांपैकी एक. ते प्रश्न मी बरोबर सोडवले होते, वर्गात त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही.

‘पुरवठ्याची लवचीकता’, म्हणजे भाव बदलला की विक्रीला येणारा माल किती बदलतो, हे शिकवताना मी आलेख काढला, सूत्र लिहिले आणि “समजले का?” असे विचारले. सर्वांनी “हो सर” म्हटले. चाचणीत मात्र बहुतेकांनी पाठ केलेली व्याख्या लिहिली आणि स्वतःचे उदाहरण एकानेही दिले नाही. विभागप्रमुखांना विचारले तेव्हा “एक-दोन वर्षांत आपोआप जमते” असे उत्तर मिळाले. त्या एक-दोन वर्षांतील विद्यार्थ्यांनी काय करावे, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. पूर्णवेळ नेमणूक होण्याआधीच हे शिस्तीने शिकण्याची काही सोय आहे काय?

उत्तर १ – निवृत्त प्राध्यापक, जळगाव

सोय कागदावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार विषय कोणताही असो, प्रत्येक संशोधकाने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे, अध्यापनशास्त्राचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घेणे आवश्यक आहे. त्याशिवाय ट्यूटोरियल (लहान गटाचा सराव वर्ग), प्रयोगशाळेतील काम किंवा मूल्यमापन यांसाठी त्याला आठवड्याला चार ते सहा तासांचे साहाय्यक म्हणून काम देता येते. यातील ‘देता येते’ हे शब्द नीट वाचावेत, कारण ‘द्यावे’ असे तेथे म्हटलेले नाही. म्हणून ते कोणी देईल याची वाट न पाहता आपल्या मार्गदर्शकांकडून मागून घ्यावे, आणि मागताना ‘ट्यूटोरियल’ असे स्पष्ट म्हणावे, अन्यथा पदरी परीक्षेचे पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडतात.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, पुढे त्यांची नावे बदलत गेली, आणि आज त्याच कामासाठी मालवीय मिशन आहे. महिनाभराचा ‘गुरुदक्षता’ कार्यक्रमही आहे, परंतु तो नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी. माझे स्वतःचे उद्बोधन वर्ग नोकरीच्या चौथ्या वर्षी झाले. तोवर माझ्या खोडी पक्क्या झाल्या होत्या आणि फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय निवृत्तीपर्यंत सुटली नाही.

उत्तर २ – बी.एड. अध्यापिका, नंदुरबार

आपली अडचण आमच्याकडे पहिल्या सत्रातच हाताळली जाते. सूक्ष्म अध्यापनात एका वेळी एकच कौशल्य घेतात: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाहणाऱ्यांचा अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि शेवटी सहा मिनिटे प्रत्याभरण, असे एकूण ३६ मिनिटांचे चक्र असते. समोर वर्ग लागत नाही, पाच-सहा सहकारी संशोधक पुरतात. त्यांपैकी एकाने निरीक्षक म्हणून वही घेऊन बसावे आणि ‘छान झाले’ असे लिहिण्याऐवजी कोणता प्रश्न विचारला, कोणी उत्तर दिले, किती वेळ थांबलात एवढेच नोंदवावे.

आपण प्रश्न विचारण्याच्या कौशल्यापासून सुरुवात करावी. “समजले का?” याला होकाराशिवाय दुसरे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी “भाव अचानक वाढला तर या आठवड्यात कोणता शेतकरी जास्त माल बाजारात आणू शकेल, आणि कोणता नाही?” असे विचारून पाहावे. आणखी एक गोष्ट, जी आमच्या पाठ टाचणात नसते: आपल्याकडील अनेक मुले घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलतात. पहिले उत्तर त्यांना त्यांच्या बोलीत देऊ द्यावे आणि पारिभाषिक शब्द त्यानंतर फळ्यावर लिहावा. उलट क्रमाने गेल्यास मुले शब्दालाच घाबरून गप्प बसतात.

उत्तर ३ – तासिकावाला

मॅडमचे म्हणणे पटते, पण पाच-सहा सहकारी एका वेळी जमवायचे कसे? आम्हाला मानधन घेतलेल्या तासिकेचे मिळते, तयारीचे आणि दुसऱ्याचा वर्ग पाहण्याचे नाही. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी, मधला वेळ एस.टी.त जातो. मी मुलांना सांगून, त्यांच्या संमतीने, आठवड्यातून एका तासाचे मोबाइलवर केवळ ध्वनिमुद्रण करतो आणि परतीच्या बसमध्ये ऐकतो. प्रश्न विचारल्यावर मी एक सेकंदही न थांबता स्वतःच उत्तर देत होतो, हे प्रथम ऐकले तेव्हा लाज वाटली. आता मनात पाचपर्यंत मोजतो. निरीक्षक मिळाला तर उत्तमच, परंतु तो मिळेपर्यंत बसून राहू नये.

प्रश्नकर्ता – पांझराकाठचा संशोधक

सर्वांचा आभारी आहे. मॅडमनी सुचवलेला प्रश्न काल वर्गात विचारला आणि पाचपर्यंत मोजले. तिसऱ्या अंकाला मागच्या बाकावरील मुलाने अहिराणीत सांगितले की, केळीचा घड तयार झाला की भाव असो-नसो कापावाच लागतो, कापूस मात्र घरात भरून ठेवून भाव आल्यावर काढता येतो. मग दुसऱ्याने भर घातली की घरात ठेवलेल्या कापसालाही उधारी फेडायची घाई असतेच. लवचीकतेत काळाचे आणि साठवणुकीचे स्थान मी गेल्या महिन्यात तीन वाक्यांत उरकले होते. काल त्यावर पाऊण तास गेला आणि अभ्यासक्रम तेवढा मागे पडला.

मार्गदर्शकांना ट्यूटोरियलसाठी लेखी अर्ज दिला आहे. सर, त्यांनी वर्गात येऊन निरीक्षण करावे, अशी विनंती त्याच अर्जात करणे योग्य ठरेल, की ती तोंडी करावी?

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, जळगाव

तोंडी करावी, आणि तारीख व तास आपणच सुचवावा. ‘कधीही या’ म्हटलेले कोणी येत नाही.