अनुभव धागा : साक्ष द्यायला उभं राहण्याआधीचे दिवस

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष दिली जाते (देवानं कसं सांभाळलं ते सगळ्यांपुढे सांगणं) ती बहुतेक सगळं निभावल्यावर. आजार बरा झाला, नोकरी लागली, मग माईक हातात. मला त्याआधीचं ऐकायचंय. काहीच ठीक झालेलं नसताना रविवारी उपासनेला जायला पाय कसा उचलला? तिथे कोणी हात दिला? दिला नसेल तर तेही लिहा. फक्त उपदेश नको.

माझ्यापासून सुरुवात करते. यजमान गेल्यावर मी दाराजवळच्या बाकावर बसायला लागले, पटकन निसटता यावं म्हणून. गाणं तर होतच नव्हतं, पहिल्या कडव्यालाच गळा दाटायचा. शेजारी एक आजी बसायच्या. फार बेसूर गातात (प्रभू मला क्षमा करो, पण गातात). त्यांनी गीतांचं पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं आणि ओळीखाली बोट धरून स्वतः गायला लागल्या. संधिवातानं वाकडं झालेलं बोट, ओळ संपली की खालच्या ओळीवर यायचं. असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी माझ्या तोंडून अर्धं कडवं निघालं. त्यांनी बोट काढलं नाही, की माझ्याकडे पाहिलंही नाही. 'देवाची इच्छा' हे शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत. बाकीच्यांनी ती उणीव भरून काढली.

* * *

ताई, 'देवाची इच्छा'वरून बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवले. त्याच्यावर संकटं कोसळली तेव्हा तिघं सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. ईयोबाच्या पुस्तकाच्या 42व्या अध्यायात देव रागावतो तो त्यांच्यावरच.

मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आलो त्या रात्री आमचे पाळक (पास्टर) आले आणि जिन्यात माझ्या बाजूला बसले. तासभर तरी बसले असतील. जाताना म्हणाले, "उद्या येतो." आणि आले.

* * *

मला नैराश्य आहे, औषधं चालू आहेत. भूतकाळात लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

प्रार्थनासभेत एकीनं सांगितलं, गोळ्या म्हणजे विश्वास कमी. तीन आठवडे बंद केल्या. काय झालं ते लिहीत नाही. मग स्त्रियांच्या सभेतल्या एका काकूंनी मला बायबलमधली एलियाची गोष्ट वाचून दाखवली. एवढा मोठा संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीनं रानात पळाला, झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूतानं त्याला विश्वासावर व्याख्यान दिलं नाही. ऊठ, खा, म्हणाला. निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचं भांडं. तो जेवला, परत झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं. काकूंनी शास्त्र (बायबल) मिटलं आणि विचारलं, "डॉक्टरांची वेळ कधीची घेऊ?" त्या स्वतः सोबत आल्या.

आणखी एक. शास्त्रात स्तोत्रं 150 आहेत. त्यातलं 88वं शेवटपर्यंत उजाडत नाही, मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. तरी ते देवाला उद्देशून आहे आणि कोणी ते शास्त्रातून काढून टाकलेलं नाही. वाईट दिवसांत मी तेच वाचते. 23वं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे दिलासा देणारं, मला तेव्हा झेपत नाही.

* * *

माझा अनुभव उलटा आहे. घटस्फोटाचं कळल्यावर माझ्याकडचा संडे स्कूलचा वर्ग काढून घेतला. कारण कोणी तोंडावर सांगितलं नाही. मी ती मंडळी सोडली, आणि त्याचं वाईट वाटत नाही. पण त्याच मंडळीतल्या दोघी प्रत्येक तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यासोबत बसायच्या. एक विणकाम करायची, दुसरी घोरायची. आता मंडळी म्हटलं की मला तो बाक दिसतो.

* * *

अकरा महिने बेकार होतो. पाळकांनी प्रार्थना केली आणि हॉलची किल्ली हातात दिली. दर शनिवारी संध्याकाळी खुर्च्या मांडायच्या. 120 खुर्च्या, मधली वाट व्हीलचेअर जाईल एवढी. बाकीचा आठवडा माझ्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. शनिवारी अडायचं.

* * *

माझं अजून काहीच निभावलेलं नाही. बायोप्सीचा रिपोर्ट सोमवारी आहे. मंडळीनं प्रार्थनासाखळी केलीय. तासातासाचे रकाने, आपल्या वेळेपुढे खूण करायची, नाव लिहायचं नाही. रात्री दोन ते तीनचा रकाना रिकामाच राहणार असं मला वाटलं होतं, कारण त्या वेळेला मी जागी असते आणि जगात दुसरं कोणी जागं असेलसं वाटत नाही. काल कागद पाहिला. तिथे दोन खुणा आहेत, एक पेनाची, एक पेन्सिलीची.