मदत हवी आहे : बार्शी लाइट रेल्वेची जुनी स्टेशनं

आजोबा या रेल्वेच्या शेंद्री स्टेशनात पॉइंट्समन (गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे) होते. परवा त्यांच्या ट्रंकेत हातकंदील सापडला. एक काच लाल, एक हिरवी, बुडाशी 'बी. एल. आर.' ठोकलेलं. वातीला अजून रॉकेलचा वास येतो!

दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली ही नॅरोगेज गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी (तेव्हाचं बार्शी रोड) ते बार्शी सुरू झाली, पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एवढं पुस्तकात मिळतं. खेड्यातल्या स्टेशनांचं कोण लिहितंय?

शेंद्री, पांगरी, येडशी इथल्या नॅरोगेजच्या जुन्या इमारती, पाण्याच्या टाक्या यांतलं आज काय उभं आहे? कुणाकडे फोटो, पुठ्ठ्याची तिकिटं आहेत का? आणि आषाढी वारीला म्हणे मालडब्यांत माणसं बसवायचे. घरात कुणी तसा प्रवास केलाय का?