मदत हवी आहे : एमएस, श्रवणचाचणी नॉर्मल, तरीही गोंगाटात शब्द लागत नाहीत

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान तीन वर्षांपूर्वी झाले. शांत खोलीत तिला सगळे नीट ऐकू येते. परंतु मिक्सर चालू असताना आई काही म्हणाली, तर आवाज पोहोचतो आणि शब्द मात्र लागत नाहीत. कुकरची शिट्टी आपल्याकडची की शेजारची, हेही तिला चटकन सांगता येत नाही. ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) नॉर्मल असल्यामुळे ‘तुझे लक्षच नसते’ हे तिला घरात वारंवार ऐकून घ्यावे लागते, आणि (मीही तसे बोललो आहे) ते अन्यायाचे आहे.

डॉक्टरांनी समजावले ते असे, की या आजारात चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण खराब होऊन संदेश मंदावतात, आणि आवाजाची दिशा ओळखण्यासाठी दोन्ही कानांत आवाज पोहोचण्याच्या वेळेतील एका मिलिसेकंदाहूनही कमी फरकाची तुलना मेंदूच्या ज्या भागात होते, तिथे एवढासा विलंबही पुरेसा घोटाळा करतो. तिच्या बेरा चाचणीत (कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांच्या वेळा मोजणारी चाचणी) पहिली लहर वेळेवर, पाचवी मात्र उशिरा आली आहे; म्हणजे संदेश कानाकडून वेळेवर निघतो, पण पुढे वाटेत रेंगाळतो.

गोंगाटातील आकलन मोजणारी चाचणी मराठी शब्दांवर कोणी करून घेतली आहे का? बोलणाऱ्याच्या कॉलरला लावण्याचा वायरलेस माइक रोजच्या वापरात खरोखर उपयोगी पडतो का? उन्हाच्या तडाख्यात तिची ही अडचण वाढते. इतरांनाही असा अनुभव असल्यास कृपया कळवावे.