चर्चा: पोरगं खचलं तर पेठेतल्या माणसांनी मधे पडावं का?

पेठकरी: नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे, 60 खुर्च्यांची. सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं. मध्यंतरी निकाल लागल्यावर एक मुलगा तीन दिवस पुस्तक न उघडता नुसता बसून होता. चौथ्या दिवशी आलाच नाही. खोलीवर गेलो तर आतून कडी. बराच वेळ दार वाजवल्यावर उघडलं. रात्रभर तिथेच बसलो, पहाटेच्या गाडीने त्याचा भाऊ आला, मग डॉक्टर. मी गेलो नसतो तर कोण जाणार होतं? घर परभणीला, रूममेट गावी.

म्हणून म्हणतो, मंडळं, अभ्यासिका, मेसवाले यांनी मिळून वीसेक माणसं तयार करावीत. ऐकून घेणारी, घरच्यांशी नीट बोलणारी. प्रशिक्षणाचा खर्च वर्गणीतून. झिम्बाब्वेत 2006पासून आज्ज्या बाकावर बसून हेच करतात. आपल्या पुण्यातल्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मानसिक आरोग्याच्या केंद्राने गुजरातेत मेहसाण्याच्या खेड्यांत गावकरीच तयार केले. मग पेठेत का नको?

एक_आई: मंडळ? अजिबात नको. माझी मुलगी बारावीत असताना आमच्या सोसायटीतल्या एक काकू अशाच 'आधार द्यायला' आल्या होत्या. आठवड्याभरात लिफ्टमध्ये बायका मला विचारायला लागल्या, 'आता कशी आहे हो?' मुलीने खाली उतरणंच बंद केलं. तुमची वीस माणसं म्हणजे वीस तोंडं.

खवट_सदाशिव: मांडवाच्या खांबावरून भांडणारी मंडळं मन सांभाळणार! हे सरकारचं काम आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे की, 14416. 2022पासून चोवीस तास चालू, मराठीतही बोलतात.

पेठकरी: खवटराव, तो मुलगा फोन उचलायच्याही अवस्थेत नव्हता. नंबर त्याच्यासाठी मी लावला.

समुपदेशक_रात्रपाळी: एक_आई यांचा मुद्दा कायद्यातही बसतो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 23वं कलम गुप्ततेचं आहे, पण तिथे गुप्तता पाळायचं कर्तव्य टाकलंय ते आरोग्यसेवा देणाऱ्यांवर. मंडळाच्या कार्यकर्त्याला कोण बांधणार?

तरी मी पेठकरींच्या बाजूने आहे. अर्धी बाजू म्हणा. निदान, औषधं, 'मी तुला बरा करतो' ही भाषा, यातलं काहीही या माणसांनी करायचं नाही. 'जीव द्यायचे विचार येतात का?' असं सरळ विचारायचं. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू हलवायच्या, 14416 लावायचा, जीवावरच बेतलं असेल तर 112. आणि पोलिसांच्या भीतीने लपवू नका. त्याच कायद्याच्या 115व्या कलमानुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात. सहसा खटला नाही, शिक्षा नाही.

खवट_सदाशिव: आणि पुढे? दवाखाना म्हटलं की घरच्यांना फक्त येरवडा आठवतो आणि ते पोराला घेऊन गाव गाठतात.

समुपदेशक_रात्रपाळी: म्हणून तर घरच्यांशी कोणीतरी आधी बोलायला हवं. ससूनमध्येही मानसोपचार विभाग आहे, हे कितीजणांना माहीत असतं? परभणीहून आलेल्या बापाला पहिला धक्का पोराच्या आजाराचा नसतो. 'लोक काय म्हणतील' याचा असतो.

मेसवाली_ताई: मला कायदा कळत नाही. माझ्याकडे 140 डबे जातात. पोरगं बिनसलं की आधी भाजी परत येते, मग पोळ्या, मग डबा उघडलेलाच नसतो. झाकण धुताना समजतं मला. पण हे सांगू कोणाला?

एक_आई: ताई, तुम्ही त्या मुलाला सांगा. फक्त त्याला. मंडळाच्या ग्रुपवर नाही.

पेठकरी: बरं, मंडळ वगळलं. पाच माणसं, नाव बाहेर गेलं की त्या माणसाला काढायचं, आणि मुलाने हो म्हटल्याशिवाय घरी फोन नाही.

समुपदेशक_रात्रपाळी: जीवाला धोका दिसला तर त्याच्या होकारासाठी थांबायचं नाही. पण फोन करतोय हे त्याला सांगून करायचा.

एक_आई: आणि त्या पाचांत काकू कोणी नको.

मेसवाली_ताई: मग मी कोण?