मर्सीसाइडमधले पुतळे, शिल्पं आणि स्मारकं : तुमचे अनुभव लिहा

मर्सीकाठ (धागाकर्ती)

उन्हाळा आला की इथल्या बहुतेक मराठी घरांत आईवडील नाहीतर सासूसासरे येतात. स्टेडियम होतं, दोन्ही कॅथीड्रल होतात, बीटल्सचं म्युझियम होतं, आणि मग "आता काय दाखवायचं?" सुरू होतं. उरतं ते चौकात, रस्त्यावर, किनाऱ्यावर फुकटात उभं असलेलं. मर्सीसाइड ही इंग्लंडमधली काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १९७४ साली लँकेशर आणि चेशरचे तुकडे जोडून केली. लिव्हरपूल, विरल, सेफ्टन, सेंट हेलन्स आणि नोजली हे तिचे पाच भाग. यातल्या कुठल्याही उघड्यावरच्या पुतळ्याबद्दल, स्मारकाबद्दल लिहा. सालं आणि शिल्पकार थोडक्यात पुरे, तुमचा त्याच्याशी काय संबंध आला ते सांगा. आवडला नसेल तर तेही चालेल.

सुरुवात मी करते. माझा पुतळा डिकी लुइस. लुइसेस या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या दारावर, जहाजाच्या पुढच्या टोकावर उभा असलेला ब्राँझचा नागडा पुरुष. मे १९४१ च्या बाँबहल्ल्यात दुकान जळलं, पुन्हा बांधलं गेलं आणि १९५६ साली जेकब एपस्टाइनचं हे शिल्प तिथे लागलं. खरं नाव 'लिव्हरपूल रिसर्जंट', पण त्या नावानं त्याला हाक मारणारं मला कुणी भेटलेलं नाही. पुण्यात 'अलका टॉकीजला भेटू' म्हणायचे तसं इथल्या जुन्या पिढीनं 'लुइसेसखाली भेटू' म्हणत लग्नं जमवली. माझ्या ऑफिसातल्या दोघीतिघींच्या आईवडिलांची पहिली भेट तिथलीच. दुकान २०१० साली बंद झालं, डिकी अजून आहे. सासूबाईंनी मान वर केली, लगेच खाली घातली, आणि दारावर लहान मुलांची जी उठावशिल्पं आहेत ती निरखत बसल्या. "ही छान आहेत हो," म्हणाल्या. त्यांना तेवढं पुरलं.

पुळणीवरचा

क्रॉस्बीच्या किनाऱ्याबद्दल कुणीतरी लिहिणारच, तर मीच लिहितो. अँटनी गॉर्म्लीचं 'अनदर प्लेस'. बिडाचे १०० पुतळे, प्रत्येकी ६५० किलोचे, साधारण ३ किलोमीटर किनाऱ्यावर पसरलेले, समुद्रात जवळजवळ १ किलोमीटर आतपर्यंत. सगळे त्याच्या स्वतःच्या अंगाच्या १७ साच्यांतून काढलेले, सगळे समुद्राकडे तोंड करून. जर्मनी, नॉर्वे, बेल्जियम करत २००५ साली इथे आले. तात्पुरतेच होते. ठेवायचे की नाही यावर भांडण झालं, वाऱ्यावर शिडाच्या फळ्या चालवणाऱ्यांनी आणि मासेमारांनी तक्रारी केल्या, काही पुतळे हलवावे लागले, आणि २००७ साली कायमचे ठेवायचं ठरलं.

मी रत्नागिरीचा, त्यामुळे समुद्र पाहून हरखून जाणाऱ्यांतला नाही. पण इथली भरती-ओहोटी वेगळीच आहे. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी ९-१० मीटरनं चढते-उतरते. ओहोटीला सगळी माणसं दिसतात, भरतीला जवळच्यांचे खांदे, मग डोकी, मग काही नाही. एकाच बाकावर बसून हे सगळं पाहता येतं. आतले पुतळे शंखशिंपल्यांनी, शेवाळानं खरबरीत झालेत, वाळूजवळच्या पुतळ्यांवर नुसताच गंज.

आईला घेऊन गेलो तेव्हा तिचा पहिला प्रश्न : "हे कोणाचे पुतळे?" म्हटलं, कोणाचेच नाहीत, शिल्पकाराचेच आहेत. "स्वतःचेच शंभर?" हा प्रश्न इतक्या मोकळेपणानं एकाही समीक्षकानं विचारला नसेल. मग तिनं गळ्यातला मफलर काढून एकाला बांधला. मी कानकोंडा झालो, पण मागून येणाऱ्या बाईंनी थांबून फोटो काढला आणि सांगितलं की नाताळात या सगळ्यांना सांताच्या टोप्या चढतात, फुटबॉलच्या दिवसांत जर्सी. मफलर परत आणला, हेही सांगतो. चांगल्या लोकरीचा होता.

निवांत

मला क्रॉस्बी नाही आवडलं. वारा नाकातोंडात, आणि शंभर वेळा तोच माणूस. एक पाहिला की शंभर पाहिले.

नाशिककर

@निवांत, गॉर्म्ली १९७१ ते ७४ भारतात आणि श्रीलंकेत होता, विपश्यना शिकत होता. मी इगतपुरीला बसून आलोय. दहा दिवस तेच शरीर, तोच श्वास, पुन्हा तेच शरीर. क्रॉस्बीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, नंतर कळलं, आणि मग तोच तोच माणूस बघायचा कंटाळा गेला. तुमचा नाही जाणार कदाचित. वाऱ्याबद्दल मात्र पूर्ण सहमत.

चौथाइंजिनिअर

मी मर्चंट नेव्हीत इंजिनाच्या बाजूचा माणूस, आता किनाऱ्यावर नोकरी. लिव्हरपूलच्या नदीकाठी, पीअर हेडला, सगळे बीटल्सच्या पुतळ्यांपाशी रांग लावतात. तिथून थोडं पुढे चाललं की एक ग्रॅनाइटचा खांब लागतो, ४८ फुटांचा. 'इंजिन रूममधल्या वीरांचं' स्मारक. विल्यम गॉसकॉम्ब जॉननं केलेलं, १९१६ चं.

टायटॅनिक लिव्हरपूलमध्ये कधीच आलं नाही, पण नोंदणी इथली, जहाजाच्या मागे नाव लिव्हरपूलचं. बुडताना इंजिन रूममधले अभियंते खाली राहिले. दिवे आणि पंप चालू राहिले म्हणून वर बोटी उतरवता आल्या. एकही अभियंता वाचला नाही. स्मारक मुळात त्यांच्यासाठीच ठरलं होतं. ते पुरं होईपर्यंत पहिलं महायुद्ध सुरू झालं, जहाजांवर कितीतरी इंजिनवाले मेले, म्हणून सगळ्यांसाठीच केलं. एका बाजूला अभियंत्यांची जोडी, दुसऱ्या बाजूला कोळसा ओढणारे आगवाले, उघड्या छातीचे. कॅप्टनचा पुतळा सगळीकडे सापडतो. भट्टीपुढच्या माणसाचा त्या काळातला पुतळा मी तरी दुसरा पाहिला नाही. दगडावर दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबच्या कपच्यांचे खड्डे आहेत, हात फिरवून बघा.

मला तिथे दरवेळी आठवतात ते आपले लोक. ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीचे खलाशी डेकवर, गोव्याचे सलूनमध्ये (प्रवाशांच्या जेवणघरात) आणि भटारखान्यात, सिल्हेटचे आणि पंजाबचे खाली भट्टीपुढे. पगार गोऱ्यांच्या मानानं कितीतरी कमी. लिव्हरपूलच्या गोदीत हे लोक पिढ्यान्‌पिढ्या उतरत होते. माझे आजोबाही पी अँड ओ कंपनीच्या जहाजावर होते. इथे त्यांच्यातल्या कुणाचं नाव नाही, आगवाल्यांचा चेहरा मात्र आहे. मी त्यावर समाधान मानतो, तुम्ही मानालच असं नाही.

एक्स्चेंजकर

माझं ऑफिस लिव्हरपूलच्या एक्स्चेंज फ्लॅग्ज चौकात, त्यामुळे डबा तिथल्या नेल्सनच्या, ब्रिटिश आरमाराच्या सेनापतीच्या, स्मारकासमोर. १८१३ चं, शहरातलं पहिलं सार्वजनिक शिल्प. खाली चार पुरुष साखळदंडात बसलेत. ते नेल्सनच्या चार लढायांचं प्रतीक, युद्धकैदी, असं अधिकृत स्पष्टीकरण. पण हे बंदर गुलामांच्या व्यापारावर मोठं झालं, आणि तो व्यापार कायद्यानं बंद होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. स्मारकाच्या समितीत विल्यम रॉस्को होता, गुलामगिरीविरुद्ध उघड बोललेला. शिल्पकाराच्या मनात काय होतं ते जाऊ दे, समोर पोळीभाजी खाताना साखळ्या साखळ्याच दिसतात.

जालनेकर

लाइम स्ट्रीटच्या टोकाला, वॉकर आर्ट गॅलरीजवळ, एक १३२ फुटांचा स्तंभ आहे. वर वेलिंग्टन. नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूच्या लढाईत पकडलेल्या तोफा वितळवून हा पुतळा ओतला, १८६५ मध्ये काम पुरं झालं. तो दिसला की माझ्या डोक्यात वॉटर्लू येतच नाही. हा म्हणजे आपल्याकडचा आर्थर वेलस्ली. १८०३ साली ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. असई आमच्या जिल्ह्यातली. खेळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यातलं गाव, शिंदे-भोसल्यांची फौज तिथे हरली. म्हातारपणी त्याला कुणी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली, तर त्यानं वॉटर्लू न म्हणता असई म्हटलं.

लाइम स्ट्रीट स्टेशनातून बाहेर आलं की हा माणूस डोक्यावर. मुलाला सांगितलं, बाबाच्या गावाकडे लढून मग हा इथे खांबावर चढला. तो म्हणाला, "मग आपण हरलो का?" सिग्नल हिरवा झाला होता, रस्ता ओलांडायचा होता. घरी येऊन नकाशा काढून बसलो.

मर्सीकाठ

हे मस्त. त्याच स्टेशनात केन डॉड आणि बेसी ब्रॅडॉक उभे आहेत, टॉम मर्फीचं काम, २००९ चं. विनोदी नट आणि खासदार बाई, बाईंच्या हातात अंडं. त्या अंड्यावरून आमच्याकडे बराच वेळ वाद झाला होता.

घुग्गुसचा

माझं उत्तर : 'ड्रीम', सेंट हेलन्स. यावर मला थोडं जास्त लिहायचंय, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

एम-६२ या मोटरवेवरून जाताना टेकाडावर पांढरा चेहरा दिसतो, हल्ली झाडं वाढल्यामुळे एखादी झलकच. स्पॅनिश शिल्पकार जाउमे प्लेन्साचा, २० मीटर उंच, २००९ चा. मुलीचं डोकं आहे, लांबट, डोळे मिटलेले. जागा म्हणजे सटन मॅनर कोळसा खाण, १९९१ मध्ये बंद झालेली. टेकाड खाणीतून निघालेल्या मातीदगडाचंच, वर आता जंगल लावलंय. प्लेन्सानं आधी खाणकामगाराच्या दिव्याची कल्पना आणली होती. तिथल्या निवृत्त खाणकामगारांनी ती नाकारली. मागे बघणारं नको, पुढे बघणारं काहीतरी द्या म्हणाले. तेव्हा ही मुलगी आली. चौथरा गोल, खाणीत उतरताना माणसाकडे असायचा त्या बिल्ल्याच्या आकाराचा.

माझे बाबा वेकोलिमध्ये (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) होते. घुग्गुस, मग बल्लारपूर. आयुष्य भूमिगत खाणीत. इथे आले तेव्हा त्यांना बीटल्स, फुटबॉल कशातच रस नव्हता. सटन मॅनरला नेलं. खालच्या गेटपासून चालत वर गेले, गुडघे दुखत असताना. बिल्ल्याचं त्यांना सांगावं लागलं नाही. चौथऱ्याला एक फेरी मारली आणि म्हणाले, "आमचं टोकन होय हे." मी डोळे मिटल्याबद्दल सांगायला लागलो की ती स्वप्न बघतेय वगैरे. ते म्हणाले, "स्वप्न कायचं? पाळी संपून वर आला ना माणूस, का पहिले डोयेच मिटते. उजेड सहन होत नाही."

जाणकार याला काय म्हणतील ठाऊक नाही. मला प्लेन्सापेक्षा बाबांचं पटलं. वर एक इंग्रज आजोबा कुत्रा घेऊन बसले होते, त्याच खाणीत काम केलेले. बाबांना इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. मी मध्ये बसून सीम (कोळशाचा थर) किती जाडीची, पाणी किती यायचं, छताला आधार लाकडाचा की लोखंडाचा, असल्या प्रश्नांचं भाषांतर करत राहिलो. सीमची जाडी दोघं हातानंच दाखवत होते.

खर्चावरून (जवळपास १९ लाख पौंड) तेव्हा बोंब झाली होती, अजूनही काही जण करतात. मला तो पैसा वाया गेलासा वाटत नाही. पाट्या आणि बसची सोय मात्र वाईट आहे, गाडी नसेल तर म्हाताऱ्यांना नेणं अवघड.

चहाबाज

वरचं वाचून गप्प बसलो होतो, जरा हलकं लिहितो. पीअर हेडचे बीटल्स : डिसेंबर २०१५, अँडी एडवर्ड्स. सगळे जॉनच्या शेजारी सेल्फी काढतात. तुम्ही जॉर्जच्या कोटाचा पट्टा बघा, त्यावर संस्कृत मंत्र आहे. रिंगोच्या बुटाच्या तळव्यावर त्याच्या वस्तीचा पोस्टकोड, एल-८. आमच्या काकांनी पट्ट्यावरची अक्षरं लावायला चष्मा बदलला, आणि मागे रांगेत जपानी पर्यटक शांतपणे उभे.

आणि सुपरलँबनाना कुणीच कसा लिहिला नाही? अर्धं कोकरू, अर्धं केळं, पिवळाजर्द, १९९८, तारो चिएझो. जनुकांशी खेळण्यावरची टीका आहे म्हणे. माझ्या मुलीला तो डायनासोर वाटतो, तिला तसंच राहू दिलंय.

अॅनफिल्डजवळ

मी फुटबॉलवाली नाही, घर जवळ मिळालं म्हणून इथे. लिव्हरपूल क्लबच्या मैदानाबाहेरच्या हिल्सबरो स्मारकावरून रोज जाते. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली, सत्त्याण्णवावं २०२१ मध्ये. दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला. ती माणसं बेकायदेशीररीत्या मारली गेली, असा ज्यूरीचा निकाल यायला २०१६ उजाडलं. एका वृत्तपत्रानं तेव्हा खोटं छापलं, ते आजही इथे कित्येक दुकानांत ठेवत नाहीत.

नावांच्या पुढे वयं लिहिली आहेत. सगळ्यात लहान मुलगा १० वर्षांचा. तिथे लिव्हरपूलचेच नाही, एव्हर्टन या शहरातल्याच दुसऱ्या क्लबचे, दुसऱ्या गावांचे स्कार्फही बांधलेले असतात. पाहुण्यांना नेलंत तर सामन्याच्या दिवशी नेऊ नका, आणि कृपया समोर उभं राहून हसरे फोटो नकोत. मी एकदोघांना सांगितलंय, त्यांनी ऐकलं.

विरलवासी

मर्सी नदीच्या पलीकडचंही एक. पोर्ट सनलाइट, साबणवाल्या लीव्हरनं कामगारांसाठी वसवलेलं गाव. मधोमध युद्धस्मारक, तेच गॉसकॉम्ब जॉन, १९२१. सैनिकांबरोबर बायका आणि मुलंही आहेत, घर राखणारी. उद्घाटन लढाईत आंधळ्या झालेल्या कामगाराच्या हस्ते झालं, त्याची निवड कामगारांनीच मतदानानं केली होती. राजा-राणी नाही. आजीला सांगितलं की आपल्या न्हाणीघरात असायचा तो सनलाइट इथला. ती म्हणाली, "मग वास का येत नाही?"

दोन पोरांची आई

क्रॉस्बीला बाबागाडी चालेल का? आणि धाकटा पळतो, त्यामुळे पाण्याचं काय?

पुळणीवरचा

वर सिमेंटचा सपाट रस्ता आहे, बाबागाडी आरामात जाते, आणि वरून जवळचे पुतळे दिसतात. ट्रेननं वॉटर्लू स्टेशनला (लढाईचं नव्हे, क्रॉस्बीजवळचं) उतरा, दक्षिणेकडच्या टोकाला निघाल. ब्लंडेलसँड्स अँड क्रॉस्बीला उतरलात तर मधे. ओहोटीची वेळ आधी बघा, आणि आतल्या पुतळ्यांकडे अजिबात जाऊ नका. चिखल मऊ आहे, माणसं कमरेपर्यंत रुततात आणि कोस्टगार्ड बोलवावं लागतं. पळणाऱ्यासाठी पायऱ्यांजवळचे दोनतीन पुतळे पुष्कळ झाले. मफलर आणा.